वार : आईच्या पोटातला पहारा

व्याख्यानमालेच्या चालकांनी आमचे नाव घातले तेव्हा त्यांची समजूत अशी होती, की आम्ही वीटभट्टीच्या मजुरीवर बोलू. तो आमचा रोजचा विषय आहे आणि त्यावर आम्ही कोठेही, केव्हाही, पूर्वतयारीवाचून दोन तास बोलू शकतो, हे जव्हारात सर्वांना ठाऊक आहे. पण आम्ही विषय कळविला तो गरोदरपणातील विषाणुरोगांचा आणि वारेचा. चालकांपैकी एकांनी भीत भीत विचारले, की हा विषय एखाद्या डॉक्टरांना दिला तर बरे नाही का? बरे झाले असते, यात शंका नाही. आमचे शिक्षण दहावी नापास. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि डॉक्टर मंडळींना छळून छळून झालेले आहे. परंतु या विषयावर एक प्रश्न आम्हांला विचारला गेला होता, आणि त्याचे उत्तर देणे आमच्याकडे बाकी होते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. महिना फाल्गुनाचा होता. भिवंडीकडच्या एका भट्टीवर मोखाडा तालुक्यातील सातआठ कुटुंबे होती. दिवाळीनंतर आमच्या डोंगरातले पाडे कसे रिकामे होतात ते या सभागृहातील प्रत्येकाने पाहिले आहे. पावसाळ्यात अडचणीला घेतलेली उचल फेडायची म्हणून माणसे पोराबाळांसह निघतात ती होळीला किंवा थेट पावसाच्या तोंडावर परत येतात. त्या कुटुंबांतली एक सून सातव्या महिन्याची गरोदर होती आणि विटा थापीत होती. तिला आठवडाभर ताप आणि ओकाऱ्या. मग डोळे पिवळे झाले. कोणी झाडपाला दिला, कोणी गळ्यात माळ घातली. मुकादमाने खर्चीच्या दिवसापर्यंत थांबायला सांगितले. आम्ही पोचलो तेव्हा ती धड उभी राहू शकत नव्हती. रुग्णालयात नेले, तेथे बाळ मेलेलेच जन्मले. सुदैवाने ती वाचली.

बाहेर ओट्यावर तिची सासू बसली होती. ती म्हणाली, "भाऊ, पोर पोटात व्हता. त्यानी तं भट्टीवरचा पानी पन नाय पेला. मंग त्याला कशानी मारला?"

आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही माहीतच नव्हते.

प्रथम कावीळ. पाण्यातून येणाऱ्या काविळीचे दोन प्रकार मुख्य. एक 'अ' कावीळ; ती बहुधा लहानपणीच येऊन जाते. दुसरी 'ई' कावीळ. ही मोठ्या माणसांना गाठते, आणि तिची ओळख पटली तीच मुळी आपल्या देशातील एका मोठ्या अपघातामुळे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगडच्या नाल्याचे घाण पाणी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या तोंडाशी आले. पुढच्या काही आठवड्यांत एकोणतीस हजारांवर लोकांना कावीळ झाली. त्यात गरोदर बायका अधिक दगावतात, हे तेव्हाच डॉक्टरांच्या लक्षात आले होते. सर्वांनी ती 'अ' कावीळ समजली. पुढे पंचवीस वर्षांनी जपून ठेवलेले रक्ताचे नमुने नव्या चाचण्यांनी तपासले, तेव्हा कळले की ती 'अ' नव्हतीच.

१९७८-७९ च्या हिवाळ्यात काश्मीर खोऱ्यात तशीच साथ आली. तेथे डॉ. खुरू यांनी घरोघर पाहणी केली. त्यांच्या पाहणीतील २०८ गरोदर स्त्रियांपैकी ३६ जणींना कावीळ झाली आणि त्यांपैकी ८ जणींचे यकृत पार निकामी झाले. पुरुषांत आणि गरोदर नसलेल्या बायकांत शेकडा दोनतीनजणांनाच कावीळ झाली होती. एकच पाणी, एकच गाव, आणि गरोदर बाईला मात्र रोग सहापट! हा विषाणू प्रत्यक्ष डोळ्यांना दिसला १९८३ साली, मॉस्कोत. मिखाईल बालायान या शास्त्रज्ञाने सोव्हिएत सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतःच पिऊन पाहिला, आजारी पडला, आणि आपल्याच विष्ठेत त्याने तो विषाणू शोधला. त्याला 'अ' कावीळ पूर्वी होऊन गेलेली होती, तेव्हा हा दुसराच कोणी आहे हे सिद्ध झाले. विज्ञानात असली वेडी माणसे असतात म्हणून आपले चालते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेने या काविळीवर फार मोठे काम केलेले आहे. इचलकरंजीसारख्या गिरण्या-मागांच्या गावात २०१२ साली हिचीच साथ आली होती.

या रोगात साधारण शंभरात एखादा माणूस मरतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र शंभरातल्या वीस-पंचवीस जणी जातात. याचा पुरता उलगडा अजून कोणाला झालेला नाही. गरोदरपणी शरीराची रोगाशी लढण्याची रीत बदलते, अंतःस्रावांचे प्रमाण वाढते, अशी कारणे पुढे येतात. त्याबरोबरच शास्त्रज्ञांची नजर एका विसरलेल्या अवयवाकडे वळली आहे. तो अवयव म्हणजे वार.

वार आपण सगळ्यांनी ऐकलेली असते, पाहिलेली असते ती सुइणीने. गाईम्हशीची असली की तिला जार म्हणतात. घरी बाळंतपण होई तेव्हा वार पडली की नाही, याची काळजी बाळाइतकीच असे, आणि मग ती अंगणाच्या कडेला पुरून टाकीत. पुरली म्हणजे विषय संपला. विज्ञानानेही पुष्कळ वर्षे तेच केले. मनुष्याच्या देहात इतका कमी अभ्यासलेला दुसरा अवयव क्वचितच असेल, असे जाणकार म्हणतात. नऊ महिन्यांचा हंगामी अवयव! हंगामी कामगाराकडे कोण लक्ष देतो, हे आम्ही सांगायला नको.

पुऱ्या दिवसांची वार भाकरीसारखी गोल, वीतभर रुंद आणि सुमारे अर्धा किलो वजनाची असते. आईच्या बाजूने खडबडीत, बाळाच्या बाजूने गुळगुळीत, आणि मधून नाळ निघालेली. आम्हांला पूर्वी वाटे की आईचे रक्तच नाळेतून बाळात जाते. तसे मुळीच नाही. आईचे रक्त आणि बाळाचे रक्त यांची गाठ पडत नाही. वारेच्या आत झाडाच्या मुळ्यांसारखे असंख्य बारीक केसर फुटलेले असतात. त्या केसरांच्या आतून बाळाचे रक्त वाहते आणि बाहेरून आईच्या रक्ताचे डबके त्यांना भिजवीत असते. शेवटच्या महिन्यात मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त आई तेथे पाठविते. हे सारे केसर उलगडून जमिनीवर पसरले तर दहाबारा चौरस मीटर जागा लागेल. भट्टीवरच्या झोपडीला तेवढी जागा मिळत नाही.

तेव्हा दोन रक्तांच्या मध्ये एक पातळ भिंत आहे, आणि सगळा कारभार त्या भिंतीतून चालतो. प्राणवायू आत, कोळसावायू बाहेर. साखर, लोह, चुना आत, मळ बाहेर. आईने लहानपणापासून निरनिराळ्या रोगांशी लढून मिळविलेली प्रतिपिंडेसुद्धा याच वाटेने, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, बाळाकडे पाठविली जातात. सातव्या महिन्यात जन्मलेले पोर दुबळे असते त्याचे एक कारण हे, की त्याची शिदोरी पुरती बांधून व्हायच्या आधीच ते निघालेले असते.

ही भिंत कशाची असते? आपल्या शरीरातील इतर आवरणे विटांच्या भिंतीसारखी असतात: पेशीला पेशी लागून, मध्ये सांधा. चोर शिरतो तो सांध्यातून. वारेच्या बाहेरच्या आवरणाला सांधाच नाही. लाखो पेशी एकमेकींत विरघळून एकच सलग पेशी झालेली असते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर विटा रचून चुना भरलेला नाही, ओतीव काम केलेले आहे. त्याशिवाय ही भिंत विषाणूविरोधी द्रव्ये अखंड पाझरत असते. इतर पेशी संकट आल्यावर ती बनवितात. वार मात्र कायम पहाऱ्यावर असते.

आता गंमत पाहा. पेशी पेशींत विरघळविण्याचे हे काम जे प्रथिन करते, ते मूळचे एका विषाणूचे आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वज प्राण्यांना एका विषाणूची लागण झाली, त्याचा अंश त्यांच्या बीजात कायमचा राहिला, आणि त्याच अंशाने आज प्रत्येक आईच्या पोटातला तट बांधला जातो. २००० साली हा शोध प्रसिद्ध झाला. जुन्या काळी गावे रामोशांना, कोळ्यांना नाकेबंदीचे काम देत, कारण वाटा त्यांनाच ठाऊक असत. जव्हारच्या मुकणे राजांच्या गावात उभे राहून हे सांगताना आम्हांला त्याची आठवण झाली, एवढेच.

असा तट असूनही काही विषाणू आत जातातच. हे प्रथम कळले ते १९४१ साली, आणि तेही एका डोळ्यांच्या डॉक्टरमुळे. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे नॉर्मन ग्रेग यांच्याकडे मोतीबिंदू घेऊन जन्मलेली तान्ही मुले एकामागून एक येऊ लागली. असे सांगतात, की बाहेर बसलेल्या दोन आयांचे आपसांतले बोलणे त्यांच्या कानी पडले: दोघींनाही गरोदरपणाच्या आरंभी जर्मन गोवर येऊन गेला होता. ग्रेग यांनी ७८ मुलांची माहिती जमविली. बहुतेकांच्या आईला तोच रोग झालेला निघाला. आईला साधी पुरळ आणि बारीक ताप, आणि बाळाचे डोळे, कान, हृदय कायमचे अधू. वैद्यकाने या गोष्टीवर विश्वास ठेवायला काही वर्षे घेतली. दोन बायकांच्या बोलण्याकडे लक्ष देणारा डॉक्टर मिळाला नसता, तर आणखी किती वर्षे गेली असती कोण जाणे. या रोगाची लस आली १९६९ मध्ये. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना टोचले. ती शाळाशाळांतून झाली. दिवाळीनंतर शाळेतून उठून भट्टीवर गेलेल्या मुलींना हजेरीपटावर शोधावे लागते, हे त्या वेळी आम्ही पाहिले. ही लस गरोदरपणी देता येत नाही, आधीच द्यावी लागते.

दुसरे उदाहरण झिकाचे. युगांडातील झिका नावाच्या रानात १९४७ साली सापडलेला हा विषाणू. पुण्याची विषाणु संस्था १९५२ मध्ये निघाली, आणि तिने आरंभीच केलेल्या पाहणीत आपल्याकडील काही लोकांच्या रक्तात त्याच्या खुणा सापडल्याची नोंद १९५४ साली झाली. साठ वर्षे कोणी त्याची पर्वा केली नाही. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळे जन्मू लागली तेव्हा जग जागे झाले. झिका मोठा हुशार. वारेच्या केसरांत बाळाच्या बाजूचे जे झाडूवाले असतात, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी, त्यांच्यातच तो बिऱ्हाड करतो. महाराष्ट्रातला पहिला रोगी पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे जुलै २०२१ अखेरीस सापडला. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात पुष्कळ रोगी निघाले आणि त्यांत गरोदर स्त्रिया बऱ्याच होत्या. ज्या डासाने डेंग्यू येतो त्याच डासाने झिकाही येतो, आणि पाण्याची पिंपे साठवून ठेवावी लागतात तेथे तो डास सुखाने राहतो.

कोरोनाने आणखी वेगळी गोष्ट शिकविली. आईकडून बाळाकडे तो क्वचितच पोचला. वारेतून लागण झाल्याचे उदाहरण पुण्याच्या ससून रुग्णालयात २०२० मध्ये दिसले, पण ते अपवादातले. तरीही कित्येक बाळे पोटात गेली. बारा देशांतील तज्ञांनी मृत जन्मलेल्या वा जन्मताच दगावलेल्या ६८ बाळांच्या वारा तपासल्या. तो निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्या वारांचा सरासरी पाऊण भाग मरून घट्ट झाला होता. विषाणू बाळापर्यंत जायची गरजच पडली नाही. त्याने वार जाळली, आणि आत बसलेले बाळ श्वासावाचून गेले. त्या आयांपैकी एकीनेही लस घेतलेली नव्हती.

हे वाचले त्या रात्री आम्हांला सासूचा प्रश्न आठवला. कारखान्याच्या आत काय झाले हे विचारताना आम्ही फाटकाचा विचारच केला नव्हता.

मग आम्ही 'ई' काविळीकडे परत आलो. दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले, की हा विषाणू यकृताखेरीज वारेतही वाढतो, आणि वारेतला त्याचा जोर आई व बाळ दगावण्याशी जुळतो. फ्रान्समधील प्रयोगशाळांत पुढे असेही दिसले, की आपल्याकडे पाण्यातून पसरणारी या विषाणूची जात वारेच्या भोवतालच्या पेशींत अधिक जोमाने वाढते; युरोपात डुकराच्या मांसातून येणारी जात तितकी वाढत नाही. म्हणजे गरोदर बाईच्या अंगात या रोगाला दोन घरे मिळतात. बाळाने पाणी प्यायले नव्हते हे खरेच होते. पण पाण्यातला रोग त्याच्या दारापर्यंत आला होता, आणि दारच त्याने धरले होते.

आपल्या भागाशी या सर्वाचा संबंध काय, असे कोणी विचारील. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटर आणि त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि मार्चमध्ये बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात. मोखाड्यातच कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेचे धरण उभे आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते. आमची त्यावर पुष्कळ भाषणे झालेली आहेत, आज एवढेच पुरे. तळाशी उरलेल्या पाण्यात सगळ्यात जास्त काय उरते, याचा विचार श्रोत्यांनी करावा. पाणी उकळून प्या, हे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. उकळल्याने हा विषाणू मरतो, हे खरे. पण भारा जंगलातून डोक्यावर आणायचा, त्यावर भाकरी करायची, पाणीही उकळायचे, आणि हे सारे पोटुशा बाईने करायचे! विहिरीत टीसीएल पावडर वेळेवर पडली तर लाकडाच्या मोळीपेक्षा ते काम स्वस्तात होते.

दुसरी गोष्ट अधिक कपटी आहे. या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत सरासरी पाचसहा आठवडे जातात. भट्टीवर माघात प्यालेले पाणी होळीला पाड्यावर आल्यावर दिसते. भट्टीचा मालक म्हणतो, रोग गावचा; गाव म्हणते, रोग भट्टीचा. नोंद कोठेच होत नाही. आमची पोरगी भट्टीवरच आजारी पडली म्हणून तिची काही हकिगत राहिली. पाड्यावर पडली असती तर झोळीतून न्यावी लागली असती. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यातील मरकटवाडीच्या एका बाईने सातव्या महिन्यात घरीच जुळ्यांना जन्म दिला. दोन्ही गेली, आणि तिला रस्ता नसलेल्या वाटेने डोलीतून न्यावे लागले. वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला ते साल १९९२ होते. मधल्या तीस वर्षांत जिल्हा बदलला. २०१४ पासून आपण ठाण्याचे पालघरचे झालो.

तिसरी गोष्ट रक्ताची. कोरोनाच्या काळात मुंबईच्या परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने राज्यातील १९ वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून गरोदर रोगिणींची एक नोंदवही ठेविली. पहिल्या लाटेतील ४,२०३ स्त्रियांची हकिगत तीत आहे. त्यांपैकी ३४ दगावल्या. सहांत एका प्रसूतीत मूल अपुऱ्या दिवसांचे झाले. ज्या दगावल्या त्यांच्यात पंडुरोग, क्षय आणि मधुमेह यांचा संबंध आढळला. पुढे दोन लाटांची तुलना झाली, तेव्हा दुसऱ्या लाटेत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.७ वरून ५.७ वर गेलेले दिसले. गरोदर स्त्रियांना लस घेण्याची परवानगी मिळाली २ जुलै २०२१ ला, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर! ही नोंदवही फार मोलाची आहे. पण ती वैद्यकीय महाविद्यालयांची आहे, आणि जव्हार-मोखाड्यात वैद्यकीय महाविद्यालय नाही. पंडुरोगाबद्दल मात्र आम्हांला कोणी सांगायची गरज नाही. येथल्या बाईचा फिका हात आपण रोज पाहतो.

'ई' काविळीवर लस आहे. ती चीनने बनविली, तेथे २०११ साली मान्य झाली, आणि साथीत प्रथम वापरली गेली ती २०२२ मध्ये दक्षिण सुदानच्या बेंतिऊ येथील विस्थापितांच्या छावणीत. तेथे गरोदर स्त्रियांनाही ती दिली. आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही. डहाणूला परळच्या त्या संस्थेशी जोडलेले ग्रामीण संशोधन केंद्र आहे. तेव्हा आपल्या जिल्ह्यात विज्ञान आलेच नाही असे म्हणता येत नाही. आमचे मागणे एवढेच, की मृत जन्मलेल्या बाळाची वार तपासावी. हल्ली ती रुग्णालयाच्या पिवळ्या पिशवीत जाते आणि तेथून भट्टीत. त्या पोरीच्या सासूने वार मागितली होती, पाड्यावर पुरायला. नियमाने देता येत नाही असे सांगण्यात आले, आणि नियम योग्यच असेल. पण कोणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलीही नाही. तिच्यात उत्तर होते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही मुद्दाम त्या पाड्यावर गेलो आणि सासूला हे सगळे सांगितले. भिंतीचे सांगितले, फाटकाचे सांगितले, दोन घरांचे सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारले, "म्हंजे पानी चांगला असता तं?" आम्ही होय म्हणालो. तिची सून पुन्हा गरोदर होती, त्या वर्षी त्यांनी उचल घेतली नव्हती.

युनियनने भट्टीमालकांपुढे या हंगामासाठी तीन मागण्या ठेविल्या आहेत. पिण्याचे पाणी माती भिजविण्याच्या खड्ड्यापासून वेगळे, झाकणाच्या आणि तोटीच्या टाकीत. संडास पाण्यापासून दूर. आणि गरोदर बाईला ताप किंवा पिवळे डोळे दिसल्यास त्याच दिवशी गाडी, उचलेचा हिशेब न काढता. दोन भट्ट्यांनी टाकी बसविली आहे. गाडीची अट एकाने मान्य केली. बाकीच्यांशी दिवाळीच्या आत पुन्हा बोलणी आहेत.